भजनी मंडळाचा पखवाज: दोरीचा, नट-बोल्टचा की फायबरचा?

सप्त्यांचे दिवस जवळ आले की मराठवाड्यातली भजनी मंडळं पखवाज घ्यायला निघतात. वर्गणी जमलेली असते, गाडी ठरलेली असते, सोबत दोन जाणती माणसं असतात. दुकानात मात्र बहुतेक वेळा शाईवर, म्हणजे उजव्या तोंडावरच्या काळ्या गोल लेपावर, दोन-चार टिचक्या मारल्या जातात, टणत्कार आवडतो, पॉलिशची चमक आवडते आणि सौदा होऊन जातो. डावं तोंड कुणी मन लावून वाजवत नाही. वारकरी ज्याला मृदंग म्हणतो त्या वाद्याचा सगळा भारदस्तपणा त्या डाव्या तोंडात, म्हणजे धुमाच्या बाजूला असतो. शाईचा सूर थोडा इकडचा तिकडं झाला तर पुढं दुरुस्त होतो. खोडातच, म्हणजे वाद्याच्या पोकळ अंगातच, घुमारा नसेल तर पुड्या (तोंडांवरची कातडी) कितीही बदला, तो येत नाही.

निवाडा आधीच सांगतो. हाताखाली तयार मृदंगाचार्य असेल आणि पुड्या मढवणारा कारागीर चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आत असेल, तर दोरीचा किंवा वादीचा (वादी म्हणजे म्हशीच्या कातड्याची पट्टी) पखवाज घ्यावा. गावात वाजवणारी मंडळी बदलत असतील आणि वाद्य देवळातच राहणार असेल, तर चांगल्या बांधणीचा नट-बोल्टचा. फायबरचा फक्त शिकणाऱ्या मुलांसाठी. प्रत्येक निवाड्याला कारण आहे, आणि बहुतेक कारणं इथल्या हवेत आणि आपल्या वापरात आहेत.

सुरुवात खोडापासून. भजनी पखवाजाचं खोड साधारण २४ ते २८ इंच लांब असतं. शाईचं तोंड सहा-साडेसहा इंचांच्या आसपास, धुमाचं नऊ-दहा इंच. उजवं तोंड जितकं लहान तितकी पट्टी, म्हणजे मूळ सूर, चढी. खैर सगळ्यांत जड आणि आवाजाला खणखणीत. शिसव जरा हलका, घुमाऱ्याला गोल, आणि आमच्या मते मंडळासाठी सर्वांत समतोल. सागही चालतो. आंब्याचं खोड स्वस्त आणि हलकं असतं, पण कीड लवकर लागते आणि आवाज लवकर विरतो. गळ्यात अडकवून दिंडीत चालायचं असेल तर वजन आधी पाहा. पैठणहून पंढरपूरला नाथांच्या पालखीबरोबर पायी जाणाऱ्याला जड खैराचा पखवाज खांद्यावर कसा उतरतो ते दुसऱ्याच दिवशी कळतं.

खोड अखंड आहे का हे विचारा आणि विचारल्यावर स्वतः बघा. भेग लाखेनं किंवा डिंक-भुशानं भरून वर पॉलिश मारलेलं असलं तर उजेडात खोड तिरपं धरल्यावर तिथली चमक वेगळी दिसते. बोटाच्या पेरानं सबंध खोडावर ठोकत जा. एखाद्या ठिकाणी आवाज एकदम बसका आला तर तिथं भरणी आहे किंवा लाकूड आतून पोकळ आहे. पुडी उतरवून दाखवायला दुकानदार तयार असेल तर तोंडाची कड सपाट फरशीवर उभी करून बघावी. कड आणि फरशी यांच्यात फट दिसली तर त्या बाजूचं घर (दोन बांधण्यांमधला पुडीचा भाग) कधीच सुरात बसणार नाही, आणि ठोकून ठोकून गजरा, म्हणजे पुडीच्या कडेची कातड्याची वेणी, मात्र तुटेल. ओल्या लाकडाचं खोड हा आणखी एक धोका. पावसाळ्यात घेतलेलं असं खोड मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात तडकतं. नव्या खोडाला आतून ओलसर वास येत असेल तर ते घेऊ नये.

आता धुमाची परीक्षा. ही तीन टप्प्यांत करावी, घाई करू नये.

धुमाच्या पुडीवर वाजवण्याआधी मध्यावर ओली कणीक लावतात. पहिल्यांदा ती न लावता उघडी पुडी पूर्ण पंजानं वाजवा. आवाज चढा आणि कोरडा येईल, तो तसाच असतो. ऐकायचं ते एवढंच, की कडेला चारही बाजूंनी वाजवल्यावर आवाज एकसारखा येतो का. एका बाजूला तो बसत असेल तर कातडं जाडीला असमान आहे. मग कणीक लावून घ्या. कणीक तयार नाही असं दुकानदार म्हणाला तर घरून नेलेली पिठाची पुरचुंडी काढा, पाण्याला काही पैसे पडत नाहीत. कणीक लावल्यावर खुली थाप द्या आणि हात लगेच उचला. आवाज खाली उतरून काही क्षण तरंगत राहायला हवा. जाणकार त्याला आस म्हणतात. शेवटी दुसऱ्याला वाजवायला बसवून तुम्ही दुकानाबाहेर, तीस-चाळीस पावलांवर जाऊन उभे राहा. जवळून दमदार वाटणारे पुष्कळ पखवाज तिथं नुसते टकटक करतात. मंडपातला शेवटच्या रांगेतला माणूस साधारण तेवढ्याच अंतरावर बसलेला असतो.

दोष सांगताना शब्द नेमका वापरला तर कारागिराला रोग लगेच कळतो. आवाज ‘ढबढब’ येतो म्हणजे पुडी सैल आहे किंवा कणीक जास्त झाली. ‘भप्प’ येतो म्हणजे कातड्याला ओल लागली आहे. ‘खरखर’ किंवा ‘झर्र’ असेल तर शाईचा कण सुटला आहे, नाहीतर कुठंतरी बोल्ट ढिला आहे. ‘दणदण’ वाजतो पण घुमत नाही, ही तक्रार सर्वांत वाईट, कारण ती खोडाची असते. मोठा आवाज आणि खोल आवाज यांत अंतर आहे. दणका जवळ ऐकू येतो आणि तिथंच संपतो. घुमारा दूरवर पोचतो, आणि टाळांच्या गजरातही त्याची जागा शिल्लक राहते.

दोरीच्या पखवाजात दोन्ही पुड्या एकाच दोरीनं किंवा वादीनं एकमेकींना बांधलेल्या असतात. उजव्या बाजूला दोरीखाली लाकडी गट्टे सरकवून मोठा फरक करायचा, आणि गजऱ्यावर हातोडीनं बारीक फरक. गजऱ्यावर वरून ठोका दिला की सूर चढतो, खालून दिला की उतरतो. गट्टा शाईपासून दूर सरकवला की ताण वाढतो. या बांधणीचा गुण म्हणजे खोडाला लोखंडाचा भार नसतो, खोड मोकळेपणी घुमतं. धुमाचा आवाज सर्वांत भरदार मिळतो तो याच बांधणीत. अवगुणही तितकाच स्पष्ट आहे. एका बाजूचा ताण दुसरीकडं पोचतो, त्यामुळं शाई चढवली की धुमाचं तोंडही थोडं ताणलं जातं आणि कणीक पुन्हा जुळवावी लागते. नव्या दोरीला पहिले काही आठवडे सैल पडायची सवय असते. तेवढ्या काळात दोरी एकदा तरी पूर्ण ओढून घ्यावीच लागते, आणि ते नवशिक्याचं काम नव्हे. ओढताना एक घर जास्त ताणलं गेलं तर पुडी तिरकी बसते.

नट-बोल्टच्या पखवाजात पुडीवर लोखंडी कडं असतं. त्याला साधारण आठ बोल्ट असतात आणि पान्यानं ते आवळायचे. खोडाच्या मध्यावर आणखी एक कडं असलेली बांधणी असेल तर दोन्ही तोंडं वेगवेगळी लावता येतात. मंडळाच्या दृष्टीनं ही फार मोठी सोय आहे. कीर्तनकार बदलला, पट्टी अर्ध्या-एक स्वरानं सरकली, तर पाच मिनिटांत काम होतं आणि धुमाचं तोंड जागचं हलत नाही. मात्र आवळायची रीत पाळावी. एका बोल्टला पाव फेरा, मग त्याच्या समोरच्याला पाव फेरा, अशा जोड्यांनी फिरत यावं. एकाच बाजूचे दोन-तीन बोल्ट सलग आवळले तर कडं तिरकं होतं, आणि एकदा वाकलेलं कडं सरळ होत नाही. आटे झिजू नयेत म्हणून दोन-तीन महिन्यांतून एकदा आट्यांना यंत्राच्या तेलाचा एकेक थेंब पुरे. जास्त घातलं तर ते ओघळून कातड्यावर येतं आणि तिथली लव (पुडीचं उघडं, वाजणारं कातडं) कायमची मऊ पडते. पखवाजाबरोबर पाना आणि दोन जादा बोल्ट मागून घ्यायला विसरू नका. ऐन काल्याच्या कीर्तनात बोल्ट तुटला तर गावात त्या मापाचा मिळेलच असं नाही.

बांधणीत स्वस्ताई केलेली असली तर ती कड्यात दिसते. पातळ पत्र्याचं कडं हातानं दाबल्यावर लवतं. अशा कड्यावर पुडी समान ताणलीच जात नाही. बोल्टचा आकडा (हूक) कड्याला नीट बसलेला हवा, ठोकून बसवलेला नको. आणखी एक खूण आहे. दोन्ही तोंडं न वाजवता नुसतं खोड हातात धरून हलवा. कुठं खुळखुळलं तर ते कीर्तनात झणझणणार. चांगल्या नट-बोल्टच्या पखवाजाचा घुमारा दोरीच्यापेक्षा किंचित कमी असतो हे मान्य करावं लागतं, पण बेसूर दोरीच्या पखवाजापेक्षा सुरातला नट-बोल्टचा केव्हाही बरा.

फायबरचं खोड तडकत नाही, हलकं असतं, पावसाला भीत नाही. पण घुमारा उथळ असतो आणि आस लगेच तुटते. वर कृत्रिम पुडी असेल तर कणीक तिच्यावर कातड्यासारखी धरत नाही, वाजवता वाजवता सुटते. वर्गातल्या मुलांना हात बसवायला ठीक आहे. कीर्तनाला नको.

कणकेबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण धुमाचा निम्मा आवाज तिच्यावर आहे आणि सर्वांत जास्त हेळसांडही तिचीच होते. गव्हाचंच पीठ घ्यावं, बारीक रवाही चालतो. ज्वारीचं पीठ चालत नाही, त्याला चिकटपणा नसतो, दहा मिनिटांत भुगा होतो. मीठ नको, तेल नको. दोन पोळ्यांच्या गोळ्यांएवढी कणीक पोळीच्या पिठापेक्षा किंचित सैल मळून दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवा. आधी ओल्या बोटानं पुडीच्या मध्यावर पातळ थर चोळून घ्या, नाहीतर वरचा गोळा धरत नाही. मग चार-पाच इंचांचा गोल पसरवा, मध्ये जाड आणि कडेला पातळ. आवाज अजून चढा वाटला तर थोडी वाढवा, ढबढब व्हायला लागला तर काढा. गोल मध्यातून सरकला असेल तर एकाच थापेत दोन आवाज मिसळल्यासारखे येतात. जुळलेला धुमाचा आवाज उजव्या ‘सा’च्या खालच्या सप्तकातल्या ‘सा’वर बसतो. मंडळ काळी चारमध्ये गात असेल आणि पेटीवर तिचा ‘सा’ २०८ हर्ट्झच्या आसपास असेल, तर डाव्या बाजूला त्याच्या निम्मा, १०४ च्या जवळ यायला हवा.

मध्यावर वजन ठेवल्यानं आवाज खाली का येतो हे सोपं आहे. जड झालेलं कातडं सावकाश हलतं. शाईचं काम याहून नाजूक असतं. लोखंडाचा कीस आणि खळ यांचे पातळ थर घोटून घोटून बसवलेले असतात, आणि त्यामुळं कातड्याचे उपस्वर मूळ स्वराशी मेळात येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली भारतीय तालवाद्यांच्या याच गुणावर शोधनिबंध लिहिला होता. म्हणूनच पखवाजाला ठरलेला सूर असतो. नुसत्या कातड्याच्या ढोलाला तसा मिळत नाही. शाईवरच्या बारीक रेघा म्हणजे तडे नव्हेत, त्या असाव्याच लागतात. त्यावर डिंक किंवा रंग लावून ‘दुरुस्ती’ करू नये. घामासाठी हाताला पावडर लावताना ती शाईत मुरणार नाही इतपतच लावा.

वाजवून झालं की कणीक त्याच रात्री काढायची. उशीर नको. सुकलेली कणीक ओढून काढली तर लव निघते. पावसाळ्यात ती ठेवली तर बुरशी येते, आणि देवळात उंदीर असतील तर पुडी सकाळपर्यंत शिल्लक राहील याचा नेम नाही. ओलसर फडक्यानं पुसा, मग कोरड्या फडक्यानं. उन्हाळ्यातल्या दोन तासांच्या कीर्तनात मधेच कणीक वाळते. वरून पांढरट दिसायला लागली, आवाज चढायला लागला की अभंगाच्या दोन चरणांमध्ये ओलं बोट फिरवावं. तबकात पाण्याची वाटी जवळ असलीच पाहिजे.

हवेचा परिणाम मराठवाड्यात टोकाचा असतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, कातडं आवळतं, सूर आपोआप वर जातो. अशा दिवसांत सुरात लावलेला पखवाज पत्र्याच्या सभामंडपात दुपारभर ठेवला तर गजरा तुटू शकतो. कीर्तन झाल्यावर थोडा उतरवून ठेवावा. जीपच्या टपावर किंवा काचेतून ऊन येणाऱ्या मागच्या सीटवर ठेवून प्रवास करू नये. आषाढात उलटं होतं. ओल्या हवेत कातडं सैल पडतं, आणि घाईघाईनं चढवत नेलं तर पाऊस उघडल्यावर ताण दुपटीनं जाणवतो. भिजलेला पखवाज चुलीपुढं किंवा उन्हात वाळवू नका. कोरड्या कापडात गुंडाळून सावलीत ठेवा, सूर दुसऱ्या दिवशी बघा. आतून जाड अस्तर आणि बाहेरून रेक्झिन असलेली खोळ पखवाजाबरोबरच शिवून घ्यावी.

एवढं सगळं नीट केलं तरी कीर्तनात धुमाचा आवाज ऐकू येत नाही, अशी तक्रार गावोगाव असते. त्यात दोष पखवाजाचा नसतो. देवळाच्या शिखराला बांधलेला भोंगा सुमारे ३०० हर्ट्झच्या खालचे स्वर फारसे सोडतच नाही, आणि धुमाचा मूळ स्वर शंभरच्या आसपास असतो. भोंग्यातून फक्त हाताचा टपका जातो. मंडपात बसलेल्यांसाठी निदान बारा इंची स्पीकरचे दोन उभे बॉक्स लावा. भोंगा गावासाठी राहू द्या. पखवाजाला एकच माईक असेल तर तो शाईपुढं न ठेवता धुमाच्या बाजूला, वीतभर अंतरावर, मध्यापासून जरा तिरपा ठेवावा. शाईचा तीक्ष्ण आवाज गायकांच्या आणि टाळांच्या माईकमध्ये आपोआप शिरतो. धुमाचा तसा शिरत नाही. साउंडवाल्यानं बास वाढवल्यावर गूं असा आवाज धरला तर बास कमी करायच्या आधी माईक स्पीकरच्या तोंडासमोरून हलवा. पहाटे काकड्याला मात्र बहुतेक ठिकाणी माईक नसतो. चांगला पखवाज तिथं खरा ऐकावा.

खरेदी कुठून करावी? धाराशिव, लातूर, बीडच्या मंडळांना पंढरपूर जवळ आहे आणि तिथं टाळ, वीणा, पखवाज यांची दुकानं एका फेरीत बघून होतात. नांदेड, हिंगोली, परभणीकडच्यांनी मोठा प्रवास करण्याआधी जवळच्या शहरातला मढवणारा शोधावा. विकणाऱ्यापेक्षा दुरुस्त करणारा महत्त्वाचा आहे. मागणी नोंदवताना पट्टी सांगा, ‘चढा पाहिजे’ एवढ्यानं भागत नाही. पखवाज आपल्या मूळ पट्टीच्या वर-खाली साधारण एक स्वर झेपतो. त्यापलीकडं ओढला तर धुमाचा जीव जातो. त्यामुळं पुरुषांचं आणि महिलांचं मंडळ वेगवेगळ्या पट्टीत गात असेल तर एकाच वाद्यावर दोघांचं भागवू नये. ऑनलाइन मागवलेल्या पखवाजाचा फोटो सुंदर येतो, घुमारा फोटोत दिसत नाही. परत पाठवायची सोय असली तरी खोडाचं वजन आणि वाहतुकीतले धक्के लक्षात घेता आम्ही तो मार्ग सुचवणार नाही.

दोन्ही पुड्यांची मापं इंचात लिहून खोळीच्या आत चिकटवून ठेवा, म्हणजे पुडी बदलायची वेळ आल्यावर खोड घेऊन हिंडावं लागत नाही. शाईची पुडी आणि धुमाची पुडी एकाच वेळी बदलायची गरज सहसा नसते. शाई आधी जाते. आषाढी वारीच्या आधीच्या महिन्यात कारागिरांकडं रीघ लागते आणि घाईत भरलेली शाई नीट वाळत नाही. दुरुस्तीचं काम अक्षय तृतीयेच्या आधीच टाकून द्यावं. नवी पुडी आली की आठ-दहा दिवस मूळ पट्टीच्या अर्धा स्वर खाली ठेवून वाजवावी, मग हळूहळू चढवावी.